घाटावरचा दगडी हत्ती

अश्मक देशावर तेव्हा जो राजा राज्य करीत होता, त्याचे नाव आज कोणाला आठवत नाही, आणि उदुंबरनगरच्या लोकांना ते तेव्हाही फारसे आठवत नसे. राजा दूर राजधानीत, पोतलीला राहत असे. गोदावरीच्या काठच्या या नगराचा कारभार त्याने पौरसभेवर सोपवला होता, आणि वर्षाचा कर वेळेवर पोचला की तो पुढचे काही विचारीत नसे. त्या काळी बोधिसत्त्वाने उदुंबरनगरात एका कोठाऱ्याच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव नंदक. वयात आल्यावर तो सभेचा सभासद झाला आणि नगराच्या राखीव धान्याची पेवे त्याच्या स्वाधीन झाली.

ही पेवे वरच्या आळीमागच्या उंचवट्यावर होती. जमिनीत खोल खणलेली, आतून शेणामातीने लिंपलेली, तोंडावर शिळा, आणि शिळेच्या कडेच्या मातीवर कोठाऱ्याची मुद्रा. दर सुगीला प्रत्येक घरातून थोडे धान्य तिथे येई. जुने धान्य पेरणीला उसने द्यायचे आणि नवे भरून घ्यायचे, हे काम नंदक नेमाने करी. त्याच्या पेवातला दाणा कधी किडला नाही.

हे धान्य केव्हा काढायचे याचा नियम पूर्वजांनी घालून दिला होता, आणि पूर्वज शहाणे होते. संकट आले आहे की नाही, असे माणसांना विचारले तर माणसे भांडत बसतात, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून तो निवाडा त्यांनी एका दगडी हत्तीवर सोपवला. घाटाच्या खालच्या पायरीवर त्यांनी हत्ती बसवला. नदीचे पाणी त्याच्या पायांना लागले की भेरी वाजवायची. भेरी वाजली की पेवे फोडायची आणि जो कोणी मातीची पाटी घेऊन नदीकाठच्या बांधावर भर घालायला येईल त्याला धान्य द्यायचे. हत्तीची पायरी अशी निवडली होती, की त्याचे पाय भिजले तरी बांधाचा माथा पाण्याच्या पुष्कळ वर असे. भेरी नगर बुडाल्यावर वाजायची नव्हती, त्याआधी वाजायची होती.

पुढे सभेत दोन पक्ष झाले. एक राखणाऱ्यांचा, त्याचा पुढारी श्रेष्ठी मणिभद्र, जो सभेचा प्रमुखही होता. राखलेले धान्य राखलेलेच राहिले पाहिजे, असे त्याचे मत होते; कशासाठी, हे विचारणे त्याला असभ्यपणाचे वाटे. दुसरा पक्ष बांधणाऱ्यांचा. त्याचा पुढारी कर्णिक. त्याला तोरणे, मंडप, पायऱ्या, जे काही दगडात उभे राहते आणि ज्यावर नाव कोरता येते ते सगळे आवडे. हे दोन्ही पक्ष एकमेकांना पाण्यात पाहत. एकाने सूर्य उगवला म्हटले तर दुसरा त्यावर चर्चा मागे.

फक्त एकदाच त्यांचे एकमत झाले होते. एका उदकोत्सवाला राजाचा अमात्य घाटावर आला. हत्तीच्या पायांना गाळ आणि शेवाळ लागलेले पाहून त्याने नाकाला उत्तरीय लावले. लगेच कर्णिकाने ठराव आणला, की हत्तीसाठी घाटाच्या माथ्यावर, सभागृहाच्या दारासमोर, घडीव दगडांचा चौथरा बांधावा आणि हत्ती वर आणावा. मणिभद्राने त्याला पाठिंबा दिला. कर्णिकाला चौथरा बांधायला मिळाला. मणिभद्राला त्याहून मोठी गोष्ट मिळाली. इतक्या उंचावरच्या हत्तीचे पाय नदी भिजवणार ती खालची आळी बुडाल्यावरच, आणि बुडालेली माणसे धान्य मागायला येत नाहीत. नियमातला एक शब्दही बदलला नव्हता. नंदक त्या वेळी सभेत नव्हता.

खालच्या आळीत कुंभार, कोष्टी आणि नावाडी राहत. नदी आणि त्यांच्यामध्ये एक मातीचा बांध होता. घुशींनी त्यात बिळे केली होती, वाळलेल्या बाभळींची मुळे आत कुजली होती. त्या वर्षी भाद्रपदात पावसाने उघडीप दिली, पण वरच्या मुलखात तो कोसळतच होता आणि नदी चढत होती. बांधाच्या पायथ्याशी पाझर सुटला. पाझर निवळ असेल तर बांधाला घाम आला म्हणत. गढूळ असेल तर बांध आतून वाहून चालला, हे आळीतल्या पोराटोरांना ठाऊक होते. सभेलाही ठाऊक होते. या गोष्टीत कोणाचे अज्ञान नव्हते, हे ऐकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

नंदक पाझर पाहायला गेला तेव्हा पाणी गढूळ होते. तिथे त्याला सामा भेटली. ही आळीतली सर्वांत मोठी कुंभारीण. उघडीप साधून तिने उत्सवाची मडकी भाजायचा आवा रचून ठेवला होता. वर्षाची कमाई त्यात होती.

"कोठारीदादा, एकच सांगा," ती म्हणाली. "आवा पेटवू का गाढवं लादू?"

"पाझर पाहिलास?"

"त्यात हात घालून आलेय. हातावर माती बसली. पाझराचं मला नका विचारू, सभा काय म्हणते ते सांगा."

"सभा उद्या बसते आहे."

"सभा बसते ते आम्हाला ठाऊक आहे," सामा म्हणाली. "उठते कधी, ते सांगा."

नंदकाला हसू आले नाही. आवा पेटवला आणि बांध फुटला तर माणसे पेटत्या भट्टीशेजारी झोपेत बुडणार. गाढवे लादून आळी निघून गेली आणि बांध फुटला नाही, तर वर्षभर त्यांनी खायचे काय? सामाचा प्रश्न साधा होता आणि त्याला त्याचे उत्तर देता येत नव्हते. मात्र ज्याने ते देता आले असते, ते धान्य त्याच्याच मुद्रेखाली होते.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. सभेची रीत अशी होती की ठराव तीनदा वाचायचा. तीनदा वाचूनही जो गप्प बसेल त्याची संमती धरायची. पूर्वजांनी ही रीत माणसांनी निर्भयपणे बोलावे म्हणून ठेवली होती. पुढच्यांनी तिचा उपयोग गप्प बसण्यासाठी केला.

नंदक उठला आणि म्हणाला, "बांध आतून जातो आहे. पेवे फोडू द्या. धान्य मिळते म्हटल्यावर सगळे नगर पाट्या घेऊन येईल. पाणी चढायच्या आत बांध दुप्पट जाड होईल."

मणिभद्राने पानाची पिंक टाकून विचारले, "हत्तीचे पाय भिजले?"

"नाही."

"मग आपत्ती आली आहे का?"

"आली नाही, श्रेष्ठी. येते आहे."

"येते आहे आणि आली आहे, यांच्यामध्ये जे असते त्यालाच राखीव म्हणतात, बाळा," मणिभद्र मायेने म्हणाला. राखणाऱ्यांच्या बाकांवर माना डोलल्या. "आज येणाऱ्या संकटावर खर्च केलेस, तर आलेल्या संकटाला काय वाढशील?"

मग कर्णिक उठला. त्याचा राग वेगळाच होता. "गेल्या वर्षी मी तोरण मागितले. तेव्हा हेच कोठारी म्हणाले, पेवे तोरणासाठी नाहीत. आता पेवे चिखलासाठी आहेत? बांध म्हणजे काय? मातीचा ढीग! आलेल्या पाहुण्याला दाखवता येतो? त्यावर नाव कुठे कोरणार? फोडायचीच असतील तर घाटाला दगडी पायऱ्या करू. पुढच्या पिढ्या पाहतील तरी."

"पुढच्या पिढ्या खालच्या आळीत राहतात," नंदक म्हणाला.

"त्यांना पायऱ्यांवर बसायला मनाई नाही," कर्णिक म्हणाला आणि त्याचे लोक हसले.

दोन्ही पक्ष सूर्य कलेपर्यंत भांडले. एक म्हणे काहीच खर्च करू नये, दुसरा म्हणे भलत्यावर करू नये. बांधाचे नाव दोघांच्याही तोंडी होते आणि बांध दोघांच्याही मनात नव्हता. शेवटी एक समजूतदार सभासद उठला. असा एक प्रत्येक सभेत असतो. तो म्हणाला, तिघांनी जाऊन बांध पाहावा आणि मग ठरवावे. हे सर्वांना पसंत पडले.

तिघे पालख्यांतून गेले. बांधाच्या माथ्यावर गवत हिरवेगार होते आणि वारा सुखाचा होता. पायथ्याशी चिखल असल्यामुळे तिकडे कोणी उतरले नाही. त्यांनी परत येऊन सांगितले, की बांध माथ्यावर पूर्ण कोरडा आहे.

त्या संध्याकाळी मणिभद्राने नंदकाला आपल्या बागेत बोलावले. त्याला शेजारी बसवून स्वतःच्या हाताने विडा करून दिला.

"नंदका, तुझा बाप माझा मित्र होता," तो म्हणाला. "मी थकलो. उत्सव झाला की हे प्रमुखपण मी सोडणार. कर्णिकाला ते मिळू द्यायचे नाही. तुझ्याशिवाय माझ्या डोळ्यांसमोर कोणी नाही."

"श्रेष्ठींची कृपा."

"प्रमुख झालास की बांध दगडाचा कर. कोण अडवतो? एवढा पावसाळा गप्प राहा. नुसते गप्प राहायचे आहे, खोटे बोलायला मी सांगत नाही."

नंदक विडा हातात धरून बसला. हा म्हातारा दुष्ट नव्हता. त्याने कधी दाणा चोरला नाही, कोणाला लुबाडले नाही. त्याला फक्त भरलेले पेव आवडत असे, आणि खालच्या आळीतली माणसे त्याला पेवाइतकी स्पष्ट दिसत नसत. नंदकाच्या मनात आले, पुढच्या वर्षी बांध दगडाचा होईल हे खरे. पण तोवर त्या बांधाच्या आड कोण उरले असेल?

"श्रेष्ठी, आपण सभेत मला विचारलेत, हत्तीचे पाय भिजले का," तो म्हणाला. "हत्ती आपल्या जागेवर असता तर आज काय झाले असते?"

मणिभद्राने पानाचे तबक जवळ ओढले. मग म्हणाला, "हत्ती जिथे आहे तीच त्याची जागा. सभेने ठरवले आहे. आणि सीमाचिन्ह, जलचिन्ह हलवणाऱ्याला शिक्षा काय आहे, ते कोठाऱ्याला मी सांगायला नको. पद जाते, घर जाते, नगर सुटते. आणि नगराच्या कुळावळीतून नाव खोडले जाते, जणू तो जन्मलाच नव्हता."

"ठाऊक आहे," नंदक म्हणाला. त्याने विडा तबकात परत ठेवला आणि नमस्कार करून तो निघाला.

दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा भरली. पाणी आणखी चढले होते. चर्चा तोरणावर आली होती. नंदक उठून म्हणाला, "पूर्वजांनी हत्ती जिथे बसवला होता तिथे मी त्याला परत नेतो आहे. लपून करायचे नाही, म्हणून सांगतो. कोणाला अडवायचे असेल त्याने आता बोलावे."

त्याने हे तीनदा म्हटले. सभेला वाटले, हा बोलण्याचा अलंकार आहे. कोणी हसले, कोणी जांभई दिली, आणि कर्णिक आपल्या तोरणाकडे वळला. तिसऱ्यांदाही कोणी बोलले नाही. नंदक बाहेर पडला.

तो सरळ खालच्या आळीत गेला. सामा गाढवांजवळ उभी होती. अर्धी लादलेली, अर्धी मोकळी.

"आवा नको, गाढवंही नको," नंदक म्हणाला. "मला तुझी चिकणमाती हवी, आणि नावाड्यांचे दोर."

"किती?"

"हत्ती घसरेल इतकी."

सामाने त्याच्याकडे निरखून पाहिले. "हत्तीला हात लावलात तर तुमचं काय करतील?"

"ते नंतर पाहू."

"नंतर आम्ही नसतो हो तुमच्या बाजूनं उभं राहायला," ती म्हणाली. "आम्हाला सभेत कोण शिरू देतंय! आत्ताच सांगते, मागून बोल नको."

"मग आत्ताच ये," नंदक म्हणाला.

भर दुपारी आळी घाटावर आली. कुंभारांनी पायऱ्यांवर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर चाकावरची मऊ माती ओतली. नावाड्यांनी हत्तीच्या पोटाखालून दोर घेतले. कोष्ट्यांनी पहारींनी चौथऱ्याचे दगड सैल केले. सभागृहाची दारे उन्हामुळे लावलेली होती. आत कर्णिक तोरणाच्या नक्षीवर बोलत होता. बाहेरचा गलबला ऐकून कोणीतरी म्हणाले, कसलीशी मिरवणूक दिसते.

"हळू, हळू! सोंड सांभाळा रे!"

"सोंड राहू दे, माझा अंगठा सांभाळ!"

"राजासारखा उतरतोय बघ."

"राजा उतरला असता तर दोर लागले नसते."

हत्ती मातीवरून घसरत, मध्येच अडत, पुन्हा सुटत खाली आला. जुनी पायरी पाण्याखाली गेली होती. त्याचे पाय बसवण्यासाठी पूर्वजांनी कोरलेल्या खोबणी नावाड्यांनी पायाने चाचपून शोधल्या आणि त्यांतला गाळ उपसला. हत्तीचे पाय त्या खोबणींत बसले, तेव्हा पाणी त्याच्या गुडघ्यांच्या वर होते.

घाटावर भेरीपाशी तिंबरू बसला होता. त्याचे सगळे कूळ भेरीवाल्यांचे. त्याने सगळे जागेवरूनच पाहिले होते आणि बोटही उचलले नव्हते.

"तिंबरू, हत्तीचे पाय पाहा," नंदक म्हणाला.

"पाहतोय. तेच माझं काम." तिंबरूने मान लांबवली. "पाय दिसत नाहीत."

"का दिसत नाहीत?"

"पाण्यात आहेत."

"मग?"

"मग काय, भिजले असणार." तिंबरूने टिपऱ्या उचलल्या आणि तो थांबला. "कोठारी, सभा विचारील, हत्ती खाली कसा आला. मी काय सांगू?"

"जे पाहिलेस ते सांग."

तिंबरूने विचार केला. "मी सांगीन, मला पाय बघायला नेमलंय. हत्ती कुठून आला, कुठे चालला, ते माझ्याकडे नाही." आणि त्याने भेरी वाजवली.

ज्यांनी ती भेरी कधी ऐकली नव्हती त्यांनाही तिचा अर्थ कळला. सभागृहाची दारे उघडली. पण तोवर नंदक पेवांवर पोचला होता. त्याने आपल्या हाताने आपली मुद्रा फोडली, शिळा दूर करवल्या, आतली कोंडलेली हवा निघून जाऊ दिली, आणि मग माणसे उतरवली. पाटी घेऊन आला त्याला धान्य मिळाले. खालच्या आळीचा असो की वरच्या, कोणाला काही विचारले नाही. भेरी वाजल्यावर पेव बंद करण्याचा अधिकार सभेलाही नव्हता. मणिभद्र उंचवट्यावर येऊन उभा राहिला आणि आपल्या आवडत्या पेवातून धान्य निघताना पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. नंदकाला त्याची कीव आली, पण त्याने हात थांबवला नाही.

सामाच्या गाढवांवरची मडकी उतरली आणि माती चढली. तट्टे लावले, खुंट ठोकले, बिळे बुजवली, पायथ्याला भराव घातला. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याशी आले. तिथे ते काही काळ विचार करीत असल्यासारखे थांबले. मग ओसरले. पाझर पुन्हा निवळ झाला. खालच्या आळीत एकही घर भिजले नाही.

आणि इथूनच नंदकाचे संकट सुरू झाले.

नदी ओसरल्यावर सभा भरली. तिथे राखणारे आणि बांधणारे, दोन्ही पक्ष एका बाजूला बसले होते.

"पूर कुठे आहे?" कर्णिकाने विचारले. "मला दाखवा. एक बुडालेले घर दाखवा. एक मेलेली शेळी दाखवा."

"नाही," नंदक म्हणाला.

"मग अर्धी पेवे कशावर गेली?"

"न बुडालेल्या घरांवर."

सभेत हशा पिकला. मणिभद्र मात्र हसला नाही. तो म्हणाला, "नंदका, तू खोटे बोलत नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण तुझे म्हणणे सिद्ध कर. बांध फुटणारच होता, असे दाखव, आणि मी स्वतः तुझ्यासाठी बोलेन."

सगळ्या सभेने नंदकाकडे पाहिले. त्याला त्या वेळी कळले, की म्हातारा खरोखरच त्याला वाट देतो आहे. आणि हेही कळले, की ती वाट कुठे जाते.

"सिद्ध करण्याचा मार्ग एकच आहे," तो सावकाश म्हणाला. "यंदा घातलेला भराव काढून टाका आणि पुढचे पाणी येऊ द्या. आळी बुडाली की मी खरा ठरेन. श्रेष्ठी, तसा पुरावा मला नको. मी खोटा ठरलेलाच बरा."

"म्हणजे पुरावा नाही," कर्णिक म्हणाला.

"नाही," नंदक म्हणाला.

ठराव वाचला गेला: जलचिन्ह हलवल्याबद्दल कोठारी नंदकाचे पद जावे, घर जावे, त्याने नगर सोडावे, आणि नगराच्या कुळावळीतून त्याचे नाव खोडावे. एकदा वाचला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचला. सभेत असे काही जण होते ज्यांच्या चाकरांनी त्या पेवांतले धान्य घरी नेले होते. असेही होते ज्यांची कोठारे बांधाच्या आडोशाला होती. कोणी बोलले नाही. त्याच बैठकीत हत्ती पुन्हा वर न्यावा आणि चौथरा पहिल्यापेक्षा उंच करावा, असेही ठरले. त्याचा खर्च कशातून, हे कोणी विचारले नाही.

नगरात लोक बोलत होते. वरच्या आळीत म्हणत, कोठारी घाबरट निघाला. खालच्या आळीतही काही जण म्हणत, पाणी तसे फार नव्हते, दरवर्षी इतके येतेच. उगाच आवे राहिले आणि उत्सवाची विक्री बुडाली. नंदकाच्या कानावर हे आले. त्याने एक घोंगडी, एक पाण्याचे भांडे घेतले आणि तो वेशीबाहेर पडला.

वेशीपलीकडे सामा गाढव घेऊन उभी होती. गाढवावर एक नवे मडके होते, भाजलेले नव्हते, नुसते वाळवलेले.

"हे द्यायला आले," ती म्हणाली. "पाणी धरणार नाही. पीठमीठ ठेवा त्यात. यंदा आवा लागलाच नाही."

"चालेल," नंदक म्हणाला आणि त्याने मडके घेतले.

ती जाईना. बराच वेळ गाढवाच्या आयाळीतली कुसळे काढीत राहिली. मग म्हणाली, "दादा, एक खरं सांगू? राग नका मानू. आम्ही बुडालो असतो का नाही, ते मलाही ठाऊक नाही. तुम्ही नगर सोडून चाललात आमच्यापायी, अन् माझ्या तोंडून 'तुम्ही वाचवलंत' एवढंही निघत नाही. लटकं वाटतं ते."

"नाही वाचवले म्हण," नंदक म्हणाला. "ज्याला ठाऊक असते ना सामा, त्याच्या घरातले कोणीतरी बुडालेले असते. तुला ठाऊक नाही, हेच मला हवे होते."

मग त्याने ही गाथा म्हटली:

आले ते अरिष्ट दिसे सकळांसी ।
टळले कोणासी दिसेचि ना ॥
न बुडाल्या घरी दिवा जो तेवला ।
तोच मज साक्षी पुरे झाला ॥

आणि मडके घोंगडीत गुंडाळून तो दक्षिणेच्या वाटेने चालू लागला. उदुंबरनगराच्या कुळावळीत त्याचे नाव नाही.

शास्त्याने, भिक्षूंच्या गुरूने, ही कथा जेतवनाच्या विहारात सांगितली. तिथे एक वृद्ध भिक्षू रोज निजण्यापूर्वी अग्निशाळेत जाऊन राखेतले निखारे विझवी, कोपऱ्यातले पाण्याचे घडे भरलेले आहेत ना ते पाही. एकदा धर्मसभेत काही भिक्षू त्याला हसले. म्हणाले, "या विहारात आग कधी लागली नाही, आणि हे आयुष्यभर ती विझवीत आहेत." बाकीचे ऐकत बसले होते. तेवढ्यात शास्ता तिथे आला. बोलणे कशावर चालले आहे, हे त्याने विचारले, आणि ऐकून घेऊन पूर्वजन्मीची ही कथा सांगितली.

शेवटी तो म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाची सामा म्हणजे आजचा हा निखारे विझवणारा भिक्षू. भेरीवाला तिंबरू म्हणजे माझा शिष्य आनंद. जे पाहिले तेच सांगण्याची त्याची सवय तेव्हापासूनची. मणिभद्र आणि कर्णिक म्हणजे आत्ता जे हसले त्यांपैकी दोघे. ते कोण, हे त्यांना कळले आहे. ठराव तीनदा वाचला जात असताना जे गप्प बसले, ते आत्ताही गप्प बसले होते, आणि तेव्हासारखेच आजही तेच संख्येने अधिक आहेत. कोठारी नंदक मीच होतो. पेवातले धान्य मी दिले, पण ते नगराचेच होते. ते देण्यात माझे काही गेले नाही. माझे म्हणून एकच होते, ते म्हणजे माझे चांगले नाव. पुरावा मागितला गेला तेव्हा ते मी देऊन टाकले आणि परत मागितले नाही. त्या जन्मी पुरी झाली ती दानपारमिता, दानाची परिपूर्णता."